फांदीवरचा माणूस

आपल्या भाषेत झाडे तोडणाऱ्याला लाकूडतोड्या म्हणतात, बागेची निगा राखणाऱ्याला माळी म्हणतात आणि माडावरून नारळ उतरवणाऱ्याला कोकणात पाडेली म्हणतात. परंतु उंच झाडावर चढून, झाड जिवंत ठेवून, त्याची मोडकी, रोगट किंवा धोकादायक फांदी तेवढी काढणाऱ्या माणसाला मराठीत रूढ असे नाव नाही. इंग्रजी भाषिक त्याला झाडाचा शल्यविशारद म्हणतात. आपल्याकडेही सुरपालाच्या नावावर असलेला ‘वृक्षायुर्वेद’ हा जुना संस्कृत ग्रंथ झाडांच्या रोगांवर उपचार सांगतो. म्हणजे झाडाला वैद्य लागतो ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. हा वैद्य किती उंचीवर उभा आहे, त्याने कशाचा आधार घेतला आहे, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. एकट्या मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यांतील कितीतरी झाडांवर माणसे चढतात. आपण रस्त्याच्या पलीकडून क्षणभर वर पाहतो, ‘सांभाळून रे बाबा’ असे पुटपुटतो आणि बस गाठतो.

या कामाकडे मी नीट पाहिले ते जयपूरला. पतीच्या बदलीच्या नोकरीमुळे आमचे काही वर्षे तेथे वास्तव्य होते. रत्नागिरी जिल्ह्यातील हिरवाईत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना तो कोरडा, पिवळसर प्रदेश आरंभी परका वाटला. मग कोणीतरी सांगितले की, शेताशेतांतून उभी असलेली ती काटेरी खेजडी म्हणजेच आपली शमी. १९८३ साली राजस्थानने तिला राज्यवृक्षाचा मान दिला. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर लपवली, ही कथा आपण दर दसऱ्याला ऐकतो. पण ती शस्त्रे बांधायला झाडावर चढला कोण, हे फारसे सांगितले जात नाही. महाभारतानुसार तो नकुल होता. धाकट्याने वर चढावे आणि थोरल्यांनी खालून सूचना द्याव्यात, ही रीत इतकी जुनी आहे!

हिवाळ्याच्या तोंडावर जयपूरहून चौमूच्या दिशेने गेले की खेजडीची छाटणी पाहायला मिळते. तिकडे तिला छंगाई म्हणतात. खेजडीचा पाला म्हणजे लूंग. तो वाळवून शेळ्यामेंढ्यांना, उंटांना आणि गुरांना वर्षभर पुरवायचा. उन्हाळ्यात याच झाडाला सांगरीच्या शेंगा येतात. ज्या झाडाची सरसकट छाटणी होते, त्याला शेंगा धरत नाहीत. म्हणून जाणते शेतकरी काही झाडे किंवा काही फांद्या राखून ठेवतात. दरवर्षी झाड पूर्ण बोडके केले तर ते हळूहळू दुबळे होते आणि कीड-बुरशीला बळी पडते. किती घ्यावे आणि किती ठेवावे, हे शहाणपण तेथील हातांत आहे. आमच्याकडे भाताच्या राबासाठी ऐन-किंजळाची कवळे तोडणाऱ्यांतही ते होते. आणि दोन्हीकडे एक उणीवही सारखीच होती. अनवाणी पाय, हातात कोयता अथवा कुऱ्हाड, कंबरेला काहीही नाही.

आमच्या वसाहतीत तीन मोठे कडुनिंब होते. एका मे महिन्यात आलेल्या आंधीत त्यांतील एकाची जाड फांदी अर्धवट चिरून विजेच्या तारांवर झुकली. तेव्हा चौमूकडून एक वयस्क गृहस्थ आपल्या पुतण्याला घेऊन आले. सगळे त्यांना ताऊ म्हणत. मीही तसेच म्हणू लागले. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी छंगाई केली होती. एकदा खेजडीवरून पडल्यापासून त्यांचा उजवा पाय आखडला होता आणि तेव्हापासून पुतण्या वर चढत असे. ताऊ खाली उभे राहत, आणि एकाच वेळी झाड, पुतण्या व आकाश या तिघांवर नजर ठेवीत.

मी त्यांना कालिदासाची गोष्ट सांगितली : ज्या फांदीवर बसला तीच तोडणारा कालिदास. ते हसले. म्हणाले, “बहनजी, असे कोणी करत नाही. माणूस मरतो तो दुसऱ्या फांदीने.” मग त्यांनी काठीने मातीत आकृती काढून दाखवली. फांदी वरून तोडत गेले की ती आपल्या भाराने मध्येच मोडते. खालची साल तुटत नाही. फांदी त्या सालीला लोंबकळत झोका घेते आणि खोडावर उभ्या असलेल्या माणसावर येऊन आदळते. हिरव्या लाकडाची २० सेंटिमीटर जाड आणि ३ मीटर लांब फांदी, पाने न धरताही, ८० किलोंच्या आसपास भरते. एक धडधाकट माणूसच अंगावर येतो म्हणा ना.

यावरचा उपाय जगभर एकच आहे. फांदी तीन घावांत काढायची. पहिला घाव खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या अंगाने आणि अर्ध्याहून कमी खोल. दुसरा वरून, त्याहून किंचित बाहेर. फांदी तेथे स्वच्छ तुटून पडते. उरलेला खुंट तिसऱ्या घावाने काढायचा. हा तिसरा घाव सर्वांत महत्त्वाचा. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर वळे दिसते. ते शाबूत ठेवून, त्याच्या अगदी बाहेरून कापायचे. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकी शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून भिंती उभारते आणि वरून नवे लाकूड वाढवून जखम झाकते. ते वळे कापले गेले की झाडाची संरक्षणाची पहिली फळीच जाते. जखमेला रंग फासल्याने कुजणे थांबत नाही, हेही त्यांनी सांगितले. आमच्या वसाहतीत मात्र छाटणीनंतर गेरू लावल्याशिवाय काही मंडळींना काम पूर्ण झाल्यासारखे वाटत नसे.

ताऊंना हे तीन घाव ठाऊक होते; शिगो ठाऊक नव्हते. तारांविषयीही त्यांचे नियम पक्के होते. ओली फांदी वीज वाहून नेते, हे आपण शाळेत शिकतो. पण उच्च दाबाच्या तारेला स्पर्श न करताही, केवळ फार जवळ गेल्याने वीज अंगावर झेपावू शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून वीज कंपनीकडून पुरवठा बंद झाल्याचे प्रत्यक्ष कळेपर्यंत ताऊ पुतण्याला झाडाला हात लावू देत नसत. पुरवठा बंद झाल्यावरही ते घरोघरी फिरून जनित्र चालू नाही ना, हे विचारून येत. चुकीच्या जोडणीमुळे घरातल्या जनित्राची वीज उलट तारेत येते, आणि मेलेली म्हणून धरलेली तार जिवंत निघते. संक्रांतीनंतर झाडांत अडकून राहिलेला पतंगांचा मांजा हाही त्यांच्या यादीत असे. त्याने पुतण्याचा तळहात एकदा चिरला होता.

एवढी सावधगिरी बाळगणारा माणूस पुतण्याला दोराविना वर पाठवतो, याचे मला नवल वाटे. ६ मीटर, म्हणजे जेमतेम दोन मजले उंचीवरून पडणारा माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटर असतो. हात पुढे करायलाही सवड मिळत नाही.

त्याच सुमारास पुण्याहून माझा भाचा आमच्याकडे आला. तो सह्याद्रीतील सुळके चढणारा गिर्यारोहक. त्याने पुतण्याला आधी स्वतःचा पट्टा दाखवला. इमारतीच्या कामावर मिळणाऱ्या साध्या सुरक्षा पट्ट्याची कडी पाठीवर असते. ती पडणाऱ्याला अडवते. झाडावर मात्र पट्ट्यात बसून काम करावे लागते, म्हणून मांड्यांभोवती आधार आणि कंबरेपाशी कड्या असलेला पट्टा हवा. नुसता दोर कंबरेला गुंडाळणे हे संरक्षण नव्हे. पडल्यावर तोच दोर बरगड्या आणि श्वास आवळतो. डोंगरावरचा ताणला जाणारा दोरही येथे चालत नाही. मग त्याने प्रुसिक नावाची गाठ शिकवली. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाने ती १९३१ पासून ओळखली जाते. भार नसताना ती दोरावर सरकते आणि भार पडताच घट्ट धरते. पुतण्याने ती चार वेळा बांधली आणि पाचव्या वेळी डोळे मिटून बांधली.

साधने विकत घ्यायची तर भारतीय मानक ब्युरोची खूण पाहून घ्यावीत. पट्ट्यासाठी आयएस ३५२१ आणि शिरस्त्राणासाठी आयएस २९२५ ही मानके आहेत. यंत्राची साखळी करवत वापरणाऱ्याला आणखी जपावे लागते. तिच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून थेट तोंडाकडे येते. शिडीवर उभे राहून ती कधीच चालवू नये. करवत चालवताना चढणारा एकाऐवजी दोन ठिकाणी बांधलेला असावा, कारण एखादा दोर पात्याखाली येऊ शकतो. आणि खाली एक असा माणूस हवाच, ज्याला वर जाऊन सोबत्याला उतरवता येते. पट्ट्यात बेशुद्ध लटकणाऱ्याच्या जिवाला काही मिनिटांतच धोका उत्पन्न होतो.

अशा कामाची रीत बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी नारळाकडे पाहावे. पाडेली मिळेनासे झाले तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळपासून प्रशिक्षण सुरू केले. तरुणांना पायाने चालवायच्या चढणयंत्राची सवय झाली, विम्याची जोड मिळाली, आणि ज्या कामाजवळ पूर्वी बाईला कोणी फिरकू दिले नसते, ते काम करणाऱ्या स्त्रियाही तयार झाल्या.

जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये खेजडी वाचवण्यासाठी ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. त्यांचे स्मरण आजही होते. झाडावरून पडलेल्या मजुरांची गणती कोणत्या स्मारकावर व्हायची?

दोराला ताऊंचा विरोध नव्हता. अडचण हिशेबाची होती. छंगाईचा दर झाडामागे ठरतो. दोर टाकणे, गाठी तपासणे, फांदी बांधून हळूहळू खाली सोडणे यांत वेळ जातो आणि दिवसाची झाडे कमी होतात. “दोर सुरक्षित आहे, बहनजी, पण दोराची मजुरी कोण देणार?” असे त्यांनी विचारले. पुढच्या वर्षी छाटणीची वेळ आली तेव्हा मी वसाहतीच्या बैठकीत झाडामागे दर न देता दिवसाचा रोज द्यावा, अशी सूचना मांडली. मग माणसे मुद्दाम रेंगाळतील, असा आक्षेप आला. बरीच वादावादी होऊन तीन कडुनिंबांना दोन दिवसांचा रोज मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या झाडाची एकच फांदी उरली असताना वारा सुटला. पुतण्याने वर पाहिले, मग ताऊंकडे पाहिले. ताऊंनी हाताने खूण केली आणि तो दोरावरून सरसर खाली उतरला. ती फांदी तिसऱ्या दिवशी सकाळी काढली. त्या दिवसाचा रोजही वसाहतीने दिला.