एक एकर गवत, दोन मशिनं

तुमच्या घरामागे लॉन आहे का? असेल, तर ते कोण कापतं? बाबा? आई? की दर आठवड्याला पैसे घेऊन येणारी माणसं? पुढे वाचण्याआधी एकदा खिडकीतून त्या गवताकडे बघून या. गवत हिरवं आहे की पिवळं, ते सोडा. जमीन सपाट आहे की उताराची, तेवढं बघा. का, ते पुढे कळेलच.

आम्ही पिट्सबर्गच्या उत्तरेला राहतो. आमची जागा एक एकर आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठा हा शब्द तुम्ही ऐकला नसेल, पण भारतातल्या आजोबांना विचारा. त्यांना ‘एक एकर’ म्हटलं की ते लगेच विचारतील, “पिकतं काय?” आमच्याकडे गवत पिकतं. माझी आई फोनवर म्हणते, “एवढं गवत कापता, पण घालता कुणाला?” तिचं काही चुकत नाही. गावाकडे गवत म्हणजे वैरण, म्हणजे गाईम्हशींचं जेवण. इथे आपण खत घालून गवत वाढवतो, आणि वाढलं की कापून तिथेच टाकतो. कापलं नाही, तर टाउनशिपचं पत्र येतं!

घर, ड्राइव्हवे आणि झाडं सोडली तर तीसएक गुंठे गवत उरतं. इतकी वर्षं माझा नवरा ते ढकलायच्या मोअरने कापायचा. ते मोअर २१ इंच रुंद. मी एकदा हिशेब केला, तर एका वेळच्या कापणीत जवळजवळ चार मैल चालणं होत होतं. मे महिन्यात तर गवत पाच-सहा दिवसांत पुन्हा वर येतं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर खुशाल चाला, उतारावर ढकलाढकली बंद. आणि आमच्या घरामागची जमीन खाली ओढ्यापर्यंत उतरत जाते. ओढा म्हणजे लहानशी नदीच, पावसाळ्यात भरून वाहणारी.

म्हणजे आता बसून चालवायचं मशीन घ्यायचं. पण कोणतं? आणि त्यावर बसणार कोण? मुलगी म्हणाली, “मी!” ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. जूनमध्ये सोळा पूर्ण होणार होती.

अशी मशिनं मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिलं जुन्या पद्धतीचं रायडिंग मोअर. दुकानात त्याला लॉन ट्रॅक्टर म्हणतात. इंजिन पुढे, सीट मागे, आणि पोटाखाली डेक. डेक म्हणजे फिरणाऱ्या पात्यांवरचं लोखंडी झाकण. हातात गोल स्टिअरिंग असतं, ते फिरवलं की पुढची चाकं वळतात. ज्याला कार चालवता येते त्याला यात नवीन काही नाही.

दुसरं झिरो-टर्न. यात इंजिन मागे असतं, आणि स्टिअरिंग बहुतेक मशिनांत नसतंच. त्याऐवजी मांडीच्या दोन्ही बाजूंनी दोन दांडे पुढे येतात. डावा दांडा मागच्या डाव्या चाकाचा, उजवा दांडा मागच्या उजव्या चाकाचा. दोन्ही सारखे पुढे ढकलले की मशीन सरळ जातं. एक पुढे आणि एक मागे केला की ते जागच्या जागी गर्रकन फिरतं. वळायला जास्तीची जागा लागत नाही, म्हणून झिरो-टर्न. पुढची दोन चाकं नुसती भिरभिरतात, सुपरमार्केटातल्या ट्रॉलीच्या चाकांसारखी. ती स्वतः कुठे नेत नाहीत. मागची चाकं जिकडे नेतील तिकडे जातात.

माझे सासरे, अण्णा, तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. मी त्यांना हे दांड्यांचं प्रकरण समजावून सांगत होते. ते मधेच म्हणाले, “अगं, मग ही बैलजोडीच झाली की! औत वळवताना आतला बैल धरायचा आणि बाहेरचा चालवायचा.” औत म्हणजे बैलांनी ओढायचं शेतीचं अवजार. मला इतकं चांगलं उदाहरण दुकानातल्या माणसानेही दिलं नव्हतं.

गवत कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यांनी १८३० साली बनवलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरचे वर आलेले धागे कातरणारं यंत्र असायचं, ते बघून त्यांना ही कल्पना सुचली. झिरो-टर्न मात्र पक्कं अमेरिकन. कॅन्सस राज्यातल्या माउंडरिज गावात जॉन रेगिअर यांनी १९६० च्या दशकात बनवलेलं मशीन बाजारात चाललं. कॅन्ससचा तो भाग कसा आहे, माहीत आहे ना? सपाट!

आता झिरो-टर्नचं कौतुक करायलाच हवं, कारण ते खरंच आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे ते आहे. त्यांची जागा आमच्याएवढीच, पण टेबलासारखी सपाट. लॉन ट्रॅक्टर ताशी पाच मैलांच्या आसपास चालतो, तर घरगुती झिरो-टर्न सात मैलांपर्यंत जातं. पण खरा वेळ वाचतो तो वळताना. ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला पोचला की मोठा वळसा घेतो. झाडाभोवती गेलात तर एक चंद्रकोर तशीच उरते, मग मागे या, पुन्हा पुढे जा. झिरो-टर्न झाडाभोवती असं फिरतं, जसं कुणी प्रदक्षिणा घालतंय. आमच्याकडे अकरा मेपल आहेत, तेव्हा माझ्या नवऱ्याचा जीव त्या मशिनावर जडला यात नवल नाही.

मुलीचाही. शेजारचे काका पाऊण तासात गवत कापून आत जातात, हे तिने घड्याळ लावून पाहिलं होतं.

आम्ही दुकानात गेलो. तिथे दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोन्ही मशिनं चालवून बघता येत होती. मुलीला त्यांनी बसू दिलं नाही, सोळा पूर्ण नाहीत म्हणून. ती रुसली, पण नियम योग्य आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हेच सांगते: ढकलायचं मोअर बाराच्या आधी नाही, बसून चालवायचं सोळाच्या आधी नाही. मी झिरो-टर्नवर बसले. पहिली पाच मिनिटं मशीन नागासारखं डोलत गेलं, कारण दांडे फार हळुवार हलवावे लागतात. मग हात बसला. मजा आली, खोटं कशाला बोलू? एक चाक थांबवून दुसऱ्यावर फिरलं की थांबलेलं चाक गवत मुळापासून खरवडतं, हेही तिथेच दिसलं. दोन्ही चाकं थोडी थोडी हलती ठेवायची, असं दुकानदाराने शिकवलं.

त्याच दुकानदाराने विचारलं, “तुमचा उतार किती अंशांचा आहे?” आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. “बऱ्यापैकी,” नवरा म्हणाला. बऱ्यापैकी म्हणजे किती?

घरी येऊन मुलीने उतार मोजला. हे तुम्हीही करू शकता. एक लांब सरळ फळी घ्या. ती उतारावर, वरून खाली अशी ठेवा. तिच्यावर फोन ठेवा आणि अंश दाखवणारं ॲप उघडा. बहुतेक मशिनांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका. काही झिरो-टर्नसाठी तर १०च अंश सांगतात. १५ अंश ऐकायला कमी वाटतात. पण १५ अंश म्हणजे दहा फूट पुढे गेलात की दोन फूट आठ इंच वर चढलात. आणखी एक गोष्ट: अंश आणि टक्के यांची गल्लत करू नका. पिट्सबर्गमधला कँटन अव्हेन्यू हा रस्ता ३७ टक्के चढाचा म्हणून प्रसिद्ध आहे. गाड्या तिथे धापा टाकतात. तो अंशांत मोजला तर वीसच भरतो.

आमचा उतार घराजवळ ४ अंश, मधे ११ ते १३, आणि ओढ्याजवळ १८.

जेवणाच्या टेबलावर त्या रात्री बराच वाद झाला. मुलीचं म्हणणं, “आई, झिरो-टर्नमध्ये ताकद जास्त आहे. ते उतार चढेल.” चढेल हो, पण उतरताना काय? मी तिला मीठ-मिरपुडीच्या डब्या घेऊन दाखवलं. मशीन उताराला लागलं की वजन पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. गवत ओलं असेल तर ती घसरतात. झिरो-टर्नमध्ये वळवणं मागच्या चाकांकडे आणि थांबवणंही मागच्या चाकांकडेच. ती एकदा घसरली, की तुमच्या हातात दांडे आहेत पण मशीन तुमचं ऐकत नाही. पुढची चाकं तर नुसती भिरभिरणारी. ट्रॅक्टरही घसरू शकतो, तो काही जादूचा नाही. पण त्याची पुढची चाकं तुमच्या स्टिअरिंगला बांधलेली असतात. दिशा थोडी तरी हातात राहते.

“मग स्टिअरिंगवालं झिरो-टर्न घेऊ,” नवरा म्हणाला. तशी मशिनं मिळतात, त्यांत पुढची चाकंही वळतात. किंमत बघितल्यावर तो विषय आपोआप संपला. साधा लॉन ट्रॅक्टर दोन-अडीच हजार डॉलरपासून मिळतो, साधं झिरो-टर्न तीन-साडेतीन हजारांपासून. स्टिअरिंगवालं त्याच्याही वर.

मी स्पष्टच बोलले. झिरो-टर्न आपला वेळ वाचवेल सपाटीवर. सपाटीची आपल्याला अडचणच नाही. अडचण आहे खालच्या भागाची, आणि तिथे सोळा वर्षांची मुलगी बसणार आहे, नाहीतर गुडघा दुखणारा माणूस. मशीन उलटलं तर दोघांपैकी कुणालाही पटकन उडी मारता येणार नाही, आणि उडी मारायची तरी कुठे? खाली ओढा. बसून चालवायच्या मोअरचे जीवघेणे अपघात होतात, त्यांत मशीन उलटणं हे मोठं कारण असतं.

टेबलावर जरा शांतता झाली. मग अण्णांनी विचारलं, “बर्फात कोणतं चालतं?” हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. ट्रॅक्टरला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावता येतं. शरद ऋतूत पानं भरायला मागे छोटी गाडी जोडता येते. झिरो-टर्नला यातलं थोडंच जमतं. आम्ही ट्रॅक्टर घेतला. हिरवा-पिवळा. अण्णा खूश, कारण गावाकडे भावकीत त्याच रंगाचा, त्याच कंपनीचा शेतीचा ट्रॅक्टर आहे. जॉन डीअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे, हे त्यांनीच मला सांगितलं.

त्या खुशीत एक प्रसंग घडला. माझा चार वर्षांचा पुतण्या न्यू जर्सीहून आला होता. अण्णांनी त्याला उचललं आणि ट्रॅक्टरकडे निघाले. गावाकडे आजोबांच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरची चक्कर मारणं हा मोठा मान असतो. माझा नवराही तसाच वाढला. मला बोलायला अवघड वाटत होतं, कारण सासऱ्यांना सगळ्यांसमोर अडवायचं कसं? तेवढ्यात मुलगी पुढे गेली. “आजोबा, आपल्या गावच्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली पाती फिरत नाहीत. याच्या फिरतात.” अण्णा थांबले. खाली वाकून त्यांनी डेक बघितला. मग पुतण्याला कडेवर घेऊन घरात गेले आणि दोघांनी खिडकीतून गवत कापणं बघितलं. लहान मुलं अशा वेळी घरातच हवीत, अंगणातसुद्धा नकोत. मागे येताना चालवणाऱ्याला मूल दिसत नाही. म्हणूनच बऱ्याच ट्रॅक्टरांत रिव्हर्स टाकला की पाती आपोआप बंद पडतात.

उतारावर आम्ही आता सरळ वर-खाली जातो, आडवं जात नाही. ढकलायचं मोअर असेल तर याच्या उलट, आडवं जायचं, म्हणजे पाय घसरला तरी मशीन अंगावर येत नाही. पाऊस पडला असेल तर दुसऱ्या दिवशी कापायचं. झिरो-टर्न असेल तर त्या मॉडेलची पुस्तिका काय सांगते ते वाचा, सगळ्यांचं सारखं नसतं.

राहिला ओढ्याजवळचा १८ अंशांचा पट्टा. तो ट्रॅक्टरलाही चढाचाच. तिथे आम्ही गवत कापणंच सोडलं. टाउनशिपला विचारून मुलीने तिथे लिटल ब्लूस्टेम नावाचं इथलंच उंच गवत लावलं, आणि ट्रॅक्टरने ओलांडायची नाही ती रेघ कळावी म्हणून लाल सुतळी बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. अण्णा त्या रेघेला बांध म्हणतात. बांध म्हणजे दोन शेतांमधली सीमा.

जूनमध्ये मुलगी सोळा वर्षांची झाली. पहिले चार आठवडे नवरा अंगणात खुर्ची टाकून लक्ष ठेवत होता. आता तिला सगळं गवत कापायला दीड तास लागतो. मजुरी ठरवायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाला, एका कापणीचे वीस डॉलर. ती म्हणाली, “नाही, तासावर द्या. हळू चालणारं मशीन तुम्हीच निवडलंय.” वाटाघाटी अजून चालू आहेत.