अध्यक्षांच्या खुर्चीत फुटीर

मॉन्ट्रियलच्या गणपतीत एका पुणेकर स्नेह्यांनी कॅनडाचे खासदार लुई प्लामोंदों यांची खिल्ली उडवली. ‘देश फोडायचाय आणि पगार त्याच देशाचा!’ हातातला मोदक मला गोड लागेना.

प्लामोंदों मूळचे शिक्षक. १९८४ साली कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून ओटावाला गेले. १९९० मध्ये क्युबेकला वेगळा दर्जा देऊ पाहणारा मीच लेक करार बारगळला, तसे पक्ष सोडून, क्युबेकला स्वतंत्र देश करू पाहणाऱ्या ब्लॉक क्युबेक्वाच्या पहिल्या फळीत आले. सेंट लॉरेन्सकाठच्या निकोले-बेकाँकूर भागाने त्यांना २०२५ साली तेराव्यांदा निवडून दिलं. सर्वांत जुने सदस्य, म्हणून सभागृहाच्या अध्यक्षाची निवडणूक तेच पार पाडतात. २०२३ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला तेव्हा काही दिवस हंगामी अध्यक्षही तेच होते.

वऱ्हाडच्या माणसाला याचं नवल वाटू नये. वणीचे बापूजी अणे मध्यवर्ती कायदेमंडळात होते, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, बिहारचे राज्यपाल झाले. दिल्लीने द्यायचं काय बाकी ठेवलं? ऑगस्ट १९४७ मध्ये आमच्याच गावात अकोला करार झाला, वऱ्हाडला उपप्रांत मिळायचा होता. तो कागदावरच राहिला. अखेर १९६२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, विदर्भवादी अणे नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. आणि जांबुवंतराव धोटे? विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावणारा हा विदर्भवीर १९८० साली इंदिरा काँग्रेसचा खासदार झाला. तिकडे वेगळ्या राज्याची मागणी, इकडे वेगळ्या देशाची, हा फरक मान्य. तरी चिकाटीत प्लामोंदों मला उजवे वाटतात.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या काकांना फोनवर हे सगळं ऐकवलं. काका म्हणाले, ‘मंग इतक्या वर्सात भेटलं काय त्यायले?’ स्वतंत्र क्युबेकसाठीच्या १९९५ च्या सार्वमतात एका टक्क्याच्या आसपास हुकलं, एवढंच मी सांगितलं.

पण माणूस तेरा वेळा निवडून येतो तो निव्वळ घोषणांवर नाही, लोकांची कामं करूनही. इथे खासदाराला पत्र टाकायला तिकीट लागत नाही. आईवडिलांचा व्हिजिटर व्हिसा रखडला, तर आपल्या भागातल्या खासदाराच्या कार्यालयात जावं. मताचा हक्क नसला तरी चौकशी करतात. अर्जाचा नंबर आणि पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. संमतिपत्रावर सही मात्र अर्जदाराची लागते, तुमची चालत नाही. तेव्हा आईकडून अकोल्याहून ती आधीच मागवून घ्या.