सोळा आणे

मराठीत ‘सोशिक’ हा शब्द बहुधा स्त्रीच्या गौरवासाठी वापरला जातो. माझ्या आत्याला तो आयुष्यभर चिकटलेला होता. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एका जुन्या मराठी घरात तिचा सारा संसार झाला. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी अशा तीन भाषा ती सहज बोले; स्वतःच्या दुखण्याविषयी मात्र तिने एकाही भाषेत शब्द काढला नाही.

एक्याऐंशीव्या वर्षी तिची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेण्यास तिने विचारपूर्वक नकार दिला. ‘आता उपचार संपले’ असे नातलग म्हणू लागले. वस्तुतः उपचारांची फक्त दिशा बदलली होती. देह, मन, नातीगोती आणि श्रद्धा या साऱ्यांतून मिळून वेदना घडते, हा विचार मांडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. परंतु हा विचार आपल्याकडे प्रामुख्याने कर्करोगाच्या संदर्भात रुजला. मूत्रपिंडाच्या रुग्णाचीही हाडे दुखतात, कातडी खाजते, पाय रात्रभर स्वस्थ राहत नाहीत, हे घरच्यांनाही उशिरा कळते.

त्यातून येथील पेच निराळा. डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या गोळ्या उरल्यासुरल्या मूत्रपिंडालाच घातक. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारी द्रव्ये बाहेर टाकायची, तीही या थकलेल्या मूत्रपिंडांनीच. ती साचली की गुंगी येते, अंगाला झटके बसतात, श्वास मंदावतो. म्हणून आत्याला आधी ठरावीक वेळी पॅरासिटामॉल आणि पुढे अत्यल्प मात्रेची फेंटानिलची पट्टी देण्यात आली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे अशी औषधे मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली.

पण मात्रा ठरवायची, तर वेदना किती ते रुग्णानेच सांगायला हवे. शून्य ते दहा या मोजपट्टीवर आत्याचे उत्तर एकच : ‘बरं आहे.’ अखेर घरी येणाऱ्या परिचारिकेने विचारले, ‘सोला आना म कतका पिरावत हे, दाई?’ आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बारा आणे.’

पंधरवड्याने हिशेब चार आण्यांवर आला, तेव्हा आत्या सोशिक राहिली नाही. उशी नीट ठेवली नाही म्हणून ती रागावली. केसांना तेल लावून मागितले. आणि पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या तान्ह्या मुलीचे नाव तिने प्रथमच आमच्यासमोर उच्चारले. वेदनेखाली इतके काही दबले असेल, याची आम्हांला कल्पना नव्हती.

याच छत्तीसगढातील गरियाबंद जिल्ह्यात सुपेबेडा नावाचे गाव आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने तेथे वर्षानुवर्षे माणसे दगावली. पाण्याची चर्चा झाली, डायलिसिसची झाली. ती व्हायलाच हवी. परंतु ज्याचे मूत्रपिंड आता सुधारणार नाही, त्याच्या खाटेशी बसून त्याच्या बोलीत ‘किती आणे?’ असे विचारणारे कोणीतरी तेथवर पोहोचले पाहिजे, आणि त्याच्या पिशवीत उत्तराला पुरेल असे औषधही असले पाहिजे.