डग्ग्याचा घुमारा आणि मल्टिबँड कॉम्प्रेसर

तबला आणि डग्गा एकाच ट्रॅकवर मुद्रित झाले असतील, तर साध्या कॉम्प्रेसरची मर्यादा लगेच कानी येते. थ्रेशोल्ड ही ठरवून दिलेली पातळी ओलांडणारा आवाज हे साधन रेशोच्या प्रमाणात आवरते, म्हणजे रेशो ३:१ असेल तर थ्रेशोल्डच्या ६ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. परंतु पातळी केवळ डग्ग्याच्या घुमाऱ्याने ओलांडली, तरी दाबला जातो सगळा ट्रॅक, आणि प्रत्येक ‘धा’बरोबर चाटेची धारही बोथट होते. मल्टिबँड कॉम्प्रेसर क्रॉसओव्हर या फिल्टरांच्या साहाय्याने ध्वनीचे खर्जापासून तारेपर्यंत पट्टे पाडतो व प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र कॉम्प्रेसर देतो, त्यामुळे घुमारा आवरतानाही चाट मोकळी राहते.

हे साधन शिकताना आधी दोषाचे स्वरूप ओळखणारा कान तयार करावा लागतो. घुमारा आरंभापासून अखेरपर्यंत सारखाच जास्त असेल, तर ईक्यूने तो पट्टा कायमचा उतरवणे पुरेसे असते, आणि सबंध वादनच कधी मोठे, कधी लहान होत असेल, तर साध्या कॉम्प्रेसरवर भागते. एकाच पट्ट्यातील आवाज बोलांनुसार कमीजास्त होतो, तेव्हाच मल्टिबँडला खरे काम असते. ही पारख न करता सगळेच पट्टे चालू करण्याची नवशिक्यांची सवय घातक आहे, कारण पट्टे आपापल्या परीने वरखाली होऊ लागले की वाद्याचा रंग बोलाबोलाला बदलतो.

क्रॉसओव्हरची जागा हा या कौशल्यातील सर्वांत नाजूक भाग मानावा लागेल. मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा स्वर वर सरकतो, आणि त्या मींडेतच डग्ग्याचा प्राण आहे. क्रॉसओव्हर तिच्या वाटेत आला, तर स्वर अर्ध्यावर एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो व त्याची जाडी मध्येच बदलते, म्हणून ही सीमा मींडेच्या पुरेशी वर ठेवणे इष्ट ठरते. आवाज दाबण्यास लागणारा अवधी, म्हणजे अटॅक, आणि तो सोडण्यास लागणारा अवधी, म्हणजे रिलीज, यांचाही खर्जाशी थेट संबंध आहे: १०० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते, आणि दोन्ही अवधी त्याहून फार कमी ठेवले, तर कॉम्प्रेसर पातळी सोडून लहरीच्या आकारामागेच धावतो व घुमारा फाटल्यासारखा ऐकू येतो.

पट्टा एकटा ऐकण्याची सोय दोष शोधण्यापुरती वापरावी. निर्णय मात्र गायनासह पूर्ण मिश्रणात घ्यावा, आणि तोही साधन चालू व बंद असतानाची पातळी सारखी करून, कारण मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला वाटतो. एवढे करूनही फरक सांगता येत नसेल, तर तो पट्टा बंद करावा.