एप्रन कुणासाठी?

परवा बातमीसाठी एका विद्यापीठात गेलो होतो. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कंत्राटी मामा कॅनमधलं ॲसिड बाटल्यांत भरत होते. हातमोजे नाहीत, चष्मा नाही. विचारलं तर हसले. "साहेब, सवय झालीय. एप्रन पोरांना असतो."

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात, हवा लागताच पेटणारं रसायन सिरिंजमधून सांडलं. २३ वर्षांच्या संशोधन सहायक मुलीच्या अंगात एप्रन नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. प्राध्यापकावर फौजदारी गुन्हा दाखल झाला.

आपल्याकडे नॅकची समिती येणार म्हटलं की भिंती रंगतात. मामांच्या हातमोज्यांना मात्र बजेट नसतं. कुलगुरू साहेब, ॲसिड अंगावर उडालं की सवय कामाला येत नाही. साहित्य द्या, आणि आधी मामांना द्या.