पन्नास दिवस की सात तास?

जावामध्ये ठरावीक वेळाने चालणारं काम लावताना मध्यांतर नुसत्या आकड्यात लिहू नये, आकड्यासोबत त्याचं एकक यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. हा केवळ वाचणाऱ्याच्या सोयीचा प्रश्न नाही. दर ५० दिवसांनी जुन्या फायली पुसायच्या आहेत असं धरू. टायमर मिलिसेकंद मागतो, म्हणून आपण ५० * २४ * ६० * ६० * १००० लिहितो. उत्तर ४,३२,००,००,००० यायला हवं. पण हे सगळे आकडे इंट, आणि इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे काही मावत नाही. गुणाकार फिरून २,५०,३२,७०४ वर येतो, म्हणजे जेमतेम ७ तास. कंपायलर चकार शब्द काढत नाही. ३० दिवस लिहिले असते तर उत्तर ऋण आलं असतं आणि टायमरने तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकलं असतं, ते परवडलं. ५० मात्र बिनबोभाट चालतं आणि फायली दिवसातून तीन-चारदा पुसल्या जातात.

एका आकड्याला एल जोडला की झालं, असं कुणी म्हणेल. ओव्हरफ्लो टळतो, हे खरं. पण कॉन्फिगरेशनमधले ९००००० म्हणजे १५ मिनिटं, हे रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याने कसं ओळखायचं? शेजारी कॉमेंट लिहावी, तर आकडा बदलणारा कॉमेंटही बदलेल याची खात्री नाही, आणि कंपायलर तर ती वाचतच नाही. जावा ५ मध्ये, २००४ साली, शेड्यूल्ड एक्झिक्युटरबरोबर टाइमयुनिट आलं. २०१४ च्या जावा ८ मध्ये ड्युरेशन आलं. ते वापरावं, आणि एखाद्या जुन्या लायब्ररीला मिलिसेकंदच लागत असतील तर अगदी शेवटी, तिला कॉल करताना रूपांतर करावं. कॉन्फिगरेशनमध्ये १५ मिनिटांसाठी लिहिलेलं ‘पीटी१५एम’ दिसायला ओबडधोबड आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातला ‘टी’ राहून गेला तर ड्युरेशन ते वाचायलाच नकार देतं, आणि मला नेमकं हेच हवं असतं.

एवढं करूनही ही १५ मिनिटं कुठून मोजायची, हे सांगायचं राहतंच. काम २० मिनिटं चाललं तर फिक्स्ड रेटमध्ये पुढची फेरी आधीची संपताच सुरू होते, मध्ये उसंत नाही. फिक्स्ड डिलेमध्ये काम संपल्यावर १५ मिनिटं थांबायचं, म्हणजे दोन सुरुवातींत ३५ मिनिटांचं अंतर. डेटाबेसवर भार टाकणाऱ्या कामाला मी डिलेच लावतो. रेट लावतो तो ठरल्या वेळी नोंदी घ्यायच्या असतील तेव्हाच.