भिवापूरची मिरची आणि बिस्किटाचं कार्ड

विदर्भाबाहेरच्यांना भिवापूर म्हटलं की एकच गोष्ट आठवते (आठवली तर!), मिरची. लालभडक, जीआय टॅगवाली. नागपूरहून उमरेडमार्गे ७०-७५ किलोमीटर. पूर्वी नॅरोगेजची छोटी गाडी जायची, ती २०१९मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्यामुळे आपली एसटी झिंदाबाद. वीकेण्डवाले वाटेत कऱ्हांडल्याला वाघ बघायला उतरतात. मी पुढे जाते. तिथे माझी ताई राहते आणि सहा वर्षांचा भाचा.

भाच्याला ऑटिझम आहे. दोन वर्षं झाली, ताई आठवड्यातून दोनदा त्याला नागपूरला नेते. जायला दोन तास, यायला दोन तास, मधे पाऊण तास बिहेविअर थेरपी. ही थेरपी गाजवणारे अमेरिकेतले डॉ. इव्हार लोवास. त्यांनी १९८७ साली १९ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुलांना आठवड्याला ४० तास थेरपी होती. ताईचे तास बसमध्येच संपतात!

ऐकायला सगळं सोपं आहे. काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं, जमलं की लगेच आवडीची गोष्ट द्यायची, मग आपली मदत हळूहळू कमी करायची. नागपूरच्या खोलीत भाचा चित्राचं कार्ड देऊन बिस्किट मागायला शिकला. घरी मात्र शून्य. पुन्हा तेच, भिंतीवर डोकं आपटणं. एका खोलीत शिकलेलं दुसरीकडे आपोआप येत नाही. मग थेरपिस्टनी ताईलाच शिकवायला घेतलं.

ही कल्पना नवी नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने आणि तिकडे रावळपिंडीत असाच प्रयोग झाला. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं आणि मुलं आईबाबांशी स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. ६५ मुलांचा हा अभ्यास २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आला. असं कुणी ताईच्या गल्लीत असतं तर?

सध्या गल्लीत किराणावाले काका आहेत. पूर्वी पोरगा रडला की ते प्रेमाने बिस्किट हातात कोंबायचे. ताईने बजावलं, कार्ड दिल्याशिवाय द्यायचं नाही आणि दिलं की एक सेकंदही उशीर नको. या वेळी मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. ‘‘थांबा ना बाप्पा, पोरगा मागून राह्यला,’’ काकांनी दटावलं. तब्बल मिनिटभराने कार्ड पुढे आलं.

सगळंच बदलायचं नाही, हेही ताईचं पक्कं. लोवासांच्या सुरुवातीच्या काळात मुलांना चापट्याही मारत. आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोकच सांगतात, आम्हाला ‘नॉर्मल’ दिसायला लावू नका. भाचा खूश झाला की हात फडफडवतो. सासूबाईंना ते खटकतं. ‘‘त्याने कुणाचं काय जातं?’’ ताई म्हणते. मला पटतं.

संध्याकाळी आम्ही मिरचीच्या सातऱ्याकडे निघालो. तिथे बायका ढिगापुढे बसून देठ खुडतात, ठसका पार रस्त्यावर येतो. भाच्याने कान दाबले. मला वाटलं, आता डोकं आपटणार. त्याने पिशवीत हात घातला आणि ‘घर’चं कार्ड ताईला दिलं. सातरा पन्नास पावलांवर होता, माझा कॅमेरा तयार. ताई जागच्या जागी वळली.

‘‘चल गं, मागितलंय त्याने.’’